उन्हाची पेटी आणि माझी वखार

अंबादास,

तुझी लाकडं माझ्याच वखारीतून गेली. दुसरीकडून मी आणू दिली नसती. तुझा थोरला भाऊ फाटकात येऊन नुसता उभा राहिला, तेव्हाच मी समजलो कशाला आलाय ते. मी स्वतः उठलो, मागच्या छपराखाली गेलो आणि वर्षभर ठेवलेली, खणखणीत वाळलेली बाभूळ काढून दिली. ओल्या लाकडाचा धूर होतो. धुरावरून जन्मभर माझं डोकं खाल्लंस तू, निदान तुझ्या वेळेला तरी कमी व्हावा म्हटलं. हमाल म्हणत होते, मालक, तुमी बसा, आमी काढतो. मी बसलो नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक निघालं की आम्ही ‘या’ म्हणतो. सरपण नेणारी बाई असो, हॉटेलवाला असो, रंगाच्या भट्टीवाला असो, सगळ्यांना ‘या’. फक्त मयताचं लाकूड नेणाऱ्याला कधी ‘या’ म्हणायचं नाही. वजनकाट्याकडं तोंड करून गप उभं राहायचं. हे मला वडिलांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि आजवर कधी चुकलो नव्हतो. तुझ्या भावाला मात्र म्हणून गेलो. तुमच्या घरच्या माणसाला एवढी वर्षं ‘या’ म्हणत आलेलं तोंड, ते थोडंच ऐकतंय. हमालांनी माना खाली घातल्या. तुझा भाऊ वळून माझ्याकडं बघायला लागला, आणि मग आम्ही दोघंही तिथंच रडलो, भर रस्त्यावर, गाडी लाकडांनी भरलेली.

हे सगळं तुला सांगायचंच होतं. पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. तू मला एक प्रश्न विचारून ठेवला होतास. टेंभुर्णीकडच्या त्या चिंचबनाचं मी काय करणार, घेणार की सोडणार. मी ‘बघतो’ म्हणालो होतो. माझ्या ‘बघतो’चा अर्थ तुला पक्का ठाऊक होता, म्हणून तू पुन्हा पुन्हा विचारायचास. आता माझ्याकडं उत्तर आहे आणि ऐकायला तू नाहीस. याला काय म्हणावं?

पहिल्यांदा तू वखारीत आलास तेव्हा मला वाटलं होतं, कॉलेजातला मास्तर दिसतोय, मोळीभर सरपण नेईल आणि दरासाठी अर्धा तास घासाघीस करील. तू लाकूड मागितलंच नाहीस. तू विचारलंस, हे लाकूड कुठून येतं? मी म्हणालो, झाडावरनं. तू हसला नाहीस. तू पुन्हा तेच विचारलंस. मग मला सांगावं लागलं, की वडिलांच्या वेळेला सकाळी निघालेली बैलगाडी दुपारी वखारीत पोचायची, आणि आता माझा ट्रक कर्नाटकात दोन मुक्काम करून येतो. हे मी रोज बघत होतो, पण तोंडानं बोललो पहिल्यांदा तुझ्यासमोर. बोललो आणि मलाच ते कसंतरी वाटलं. तू नुसता ‘हं’ म्हणालास. तुझं ते ‘हं’ मला कधीच आवडलं नाही.

तेव्हापासून तुझी रोजची चक्कर. कॉलेज सुटलं की माझ्या गादीवर येऊन बसायचास, माझा चहा प्यायचास, आणि माझ्याच धंद्याच्या मुळावर उठायचास. मी तुला सूर्यनारायण म्हणायचो. आले बघा आमचे सूर्यनारायण, आता आमच्या चुली विझवणार. तू म्हणायचास, तुमच्या घरात हे नाव ठेवत नसाल, आमच्या तेलुगू घरात दर चौथा माणूस सूर्यनारायण असतो, मला काय चिडवतोस. तू चिडत नव्हतास हीच तर पंचाईत होती. चिडायचो मी.

तुझ्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं ते तू एकदाच सांगितलंस. तुझी आई. तुमच्या घरी मागावर चादरी व्हायच्या, आणि सूत रंगवायला परसात रंगाची कढई सतत उकळत असायची. आई तिच्याखाली जाळ घालायची, उन्हाळ्यातसुद्धा, डोक्यावर सोलापूरचं ऊन आणि पुढ्यात आग. शेवटी शेवटी तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं आणि खोकला थांबत नव्हता. तू म्हणालास, लहानपणी मला एकच कळायचं नाही, की अंगणात एवढं आयतं तापलेलं असताना आई आणखी आग कशाला लावते. मग तू शिकलास, पदार्थविज्ञान घेतलंस, तरी तुला तेच कळेना. मी त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. दुसरा चहा सांगितला.

सुताची खोकी आणून तू पेट्या केल्यास. गिरणीतला वाया गेलेला कापूस आणून बाजूंना ठासून भरलास, आत पत्रा, पत्र्याला काळा रंग, वर काच, आणि काचेला टेकून आरसा. सगळं याच गावातलं. तुझ्या माळवदावर पहिल्यांदा त्यात वरण-भात शिजला तेव्हा तू मला निरोप पाठवून बोलावलंस. मी मुद्दाम जेवून आलो. तरी तू वाढलंस. चांगला झाला होता रे भात. मी काय म्हणालो? म्हणालो, भाकरी होते का यात? तुझा चेहरा पडला. भाकरी होत नाही, तू म्हणालास, तव्याला लागते तेवढी आच यात येत नाही. मग झालं की, मी म्हणालो, सोलापुरात भाकरी होत नाही ती चूल कसली. त्यानंतर कितीतरी वर्षं तुझं तोंड बंद करायला मी तेवढं एकच वाक्य वापरत आलो. तू दरवेळी प्रामाणिकपणे म्हणायचास, नाही होत. थाप मारायची अक्कल तुला नव्हतीच.

दुष्काळाच्या त्या वर्षी माझ्या वखारीत मुळ्या यायला लागल्या. झाडं संपली होती, लोक बुंधे खणून काढून आणत होते, माती चिकटलेली मुळं. तू फाटकातच थांबलास. आत आला नाहीस. मला म्हणालास, हे पण विकायला लागलास? मला राग आला. मी म्हणालो, मी नाही घेतलं तर दुसरा घेईल, आणि आणणाऱ्याच्या घरी आज पीठ लागतंय. तू गेलास. बरेच दिवस आला नाहीस. चहावाला विचारायचा, मास्तर कुटं हाईत? मी म्हणायचो, गेले असतील सूर्याकडं. तुझ्या वाटणीचा चहा तो सवयीनं आणून ठेवायचा आणि मी तो ओतून द्यायचो.

परत आलास ते मात्र भांडायला नाही. माझ्या आईचा खोकला तू ऐकला होतास. आमच्या न्हाणीघरातल्या बंबापुढं बसून म्हातारी स्वतःच ढलप्या घालायची, दुसऱ्या कुणाला घालू द्यायची नाही. तू एक काळा पिंप आणि नळीची वेटोळी घेऊन आलास, आमच्या माळवदावर चढलास, सुट्टीचा सबंध दिवस तिथं तळत बसलास. दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीत कढत पाणी. बाजारात माझी काय शोभा झाली म्हणून सांगू. वखारवाल्याच्या घरी लाकूड मिळेना वाटतं, म्हातारीला उन्हात तापवलेलं पाणी देतात. मी दोन दिवस घुश्शात होतो. आई मात्र न्हाऊन बाहेर आली आणि म्हणाली, “नीरु छलो अद.” पाणी छान आहे. तिला मराठी बोलायचा कंटाळा होता, पण तुझं नाव तिनं मराठी-कानडी एकत्र करून ठेवलं, सूर्यप्पा. शेवटची वर्षं तिनं धूर न गिळता अंघोळ केली. शेवटच्या आजारात तिला खोकला नव्हता, अंबादास. बाकी सगळं होतं, खोकला नव्हता. हे मी तुला कधीच बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, मग आता वखार बंद कर. तुझा काय भरवसा.

आणि तुझ्या गल्लीतला तो घोळ. तू पाच-सहा पेट्या गल्लीतल्या बायकांना वाटल्यास. रॉकेल मिळत नव्हतं, रांगा लागत होत्या, म्हणून बायका घ्यायला तयार झाल्या. आठवड्याभरात सगळ्या पेट्या परत. शिजत न्हाय म्हणे. डाळ तशीच टणक. तू चक्रावलास, तुझ्या माळवदावर शिजतंय आणि पलीकडच्या दारात शिजत नाही, ऊन काय घर बघून पडतं का? पेट्या उघडून तपासल्यास, कापूस बदललास, काचा पुसल्यास. शेवटी तुझ्या बायकोनं, पद्मावहिनींनीच तुला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. पेटी अंगणात उन्हात, आणि काचेवर नीट पसरून घातलेलं जुनं लुगडं. रस्त्यावर स्वयंपाक उघडा ठेवायचा, येणारा-जाणारा काचेतून बघणार, दृष्ट लागणार नाही अन्नाला? म्हणून प्रत्येकीनं झाकून ठेवलेली. ऊन बाहेर आणि डाळ अंधारात.

मी पोट धरून हसलो होतो. गादीवर लोळलो होतो. तुला वाटलं असेल, वखारवाल्याला आनंद झालाय. झाला होताच थोडा. पण तू त्यानंतर जे केलंस ते मला अजून कुणाला नीट सांगता येत नाही. तू त्या बायकांना विज्ञान शिकवायला गेला नाहीस. घरी आलास, वहिनींकडून काजळाची डबी घेतलीस, आणि प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात स्वतःच्या बोटानं तीट लावलीस. पेटीला काळा दोरा बांधलास. आणि म्हणालास, आता झाकू नका, दृष्ट काढून झाली. कॉलेजातल्या तुझ्या सोबत्यांनी तुझी टर उडवली, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक तीट लावतो म्हणून. तू म्हणालास, काजळानं काच झाकते तेवढी झाकू दे, लुगड्यानं झाकते त्यापेक्षा कमीच. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, की या माणसाचं खरंच जमणार.

जमलं नाही. तीट लावलेल्या पेट्यांत वरण शिजलं, बायका खूष झाल्या, मग आभाळ आलं, मग कुणाच्या घरी लग्न निघालं, मग रॉकेल पुन्हा मिळायला लागलं. एकेक पेटी परसात गेली. एकीत कोंबडीनं अंडी घातली. तू ते बघून आलास आणि माझ्या गादीवर बसून बराच वेळ नखं बघत राहिलास. मी तुझी टिंगल केली नाही त्या दिवशी. तेवढं तरी मी केलं.

तू मला एकदा सांगितलं होतंस, कॉलेजच्या लायब्ररीतल्या कुठल्यातरी विलायती मासिकात वाचलेलं, की आपण लाकूड, कोळसा, तेल जाळतो त्यातला एक वायू वर जाऊन तिथंच राहतो, आणि जगाची उष्णता अडवून धरतो. चादर पांघरल्यासारखी. मी म्हणालो, सोलापूरला मे महिन्यात चादर पांघरा म्हणून सांगणारा तू पहिलाच. आपल्याला आणखी काय तापायचंय? तू म्हणालास, तापेल, तापायला जागा आहे अजून. दुष्काळ त्यानंच पडला असं तू कधी म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर तुला खोडून काढायला मला बरं पडलं असतं. तू एवढंच म्हणायचास, आपल्याला दिसणार नाही कदाचित, आपल्या मागच्यांना दिसेल. आणि मग त्या आकाशात सोडलेल्या उपग्रहाचं काढायचास, त्याला सूर्यावरच वीज मिळते, तसल्या काचा एक दिवस आपल्या माळवदांवर येतील. मी म्हणायचो, येतील तेव्हा भाकरी होते का विचार त्यांना. विजेवर होईल, तू म्हणायचास. डोळे चमकायचे तुझे. विजेवर भाकरी होईल गड्या.

आता चिंचबनाचं.

मालकाला तिथं ऊस लावायचा होता. धरणाचं पाणी येणार, सगळीकडं ऊस होणार, चिंचेला कोण विचारतंय. सगळं बन एकगठ्ठा मला देत होता. एवढा मोठा माल माझ्या आयुष्यात कधी इतका जवळ आला नव्हता. मी बघायला निघालो तर तू म्हणालास, मी पण येतो. ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसलास, मांडीवर तुझी पेटी. ड्रायव्हर सारखा तिच्याकडं बघत होता, त्याला वाटलं पेटीत देव आहेत.

मी बनात दोरी घेऊन बुंध्यांचे घेर मोजत फिरलो. तू सावलीच्या कडेला, बरोबर जिथं ऊन सुरू होतं तिथं पेटी मांडून बसलास. बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत बनात गार होतं, माती ओलसर होती, एक म्हशींचा कळप बसलेला. मोजून आलो तोवर तुझा मसालेभात तयार. आपण सावलीत बसून जेवलो. जेवून झाल्यावर तू माझ्याकडं न बघता म्हणालास, “मल्लिनाथ, हे घेऊ नकोस.”

मी म्हणालो, मी नाही घेतलं तर दुसरा घेईल.

“घेऊ दे दुसऱ्याला. तू एक वर्ष थांब.”

एक वर्ष कशाला, तर त्या बोर्डिंगसाठी. मुलांच्या बोर्डिंगच्या मंडळानं तुला गच्ची द्यायची कबूल केली होती. मोठ्या पेट्या, मोठे आरसे, वरण, भात, उसळ सगळं गच्चीवर, आणि भाकरीपुरती फक्त खाली चूल. निम्मं लाकूड वाचेल, तू म्हणालास. ते बोर्डिंग माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक हे तुला माहीत होतं, आणि मला माहीत होतं की तुला माहीत आहे. तरी तू माझ्याच तोंडावर सांगत होतास, की एकदा एवढं एक बोर्डिंग उन्हावर चाललं ना, की मग दुसरं विचारील, मग हॉटेलवाले, मग रंगाच्या भट्ट्या. मग हे बन तोडायला कुणी गिऱ्हाईकच उरणार नाही. तोवर उभं राहू दे. उसासाठी तोडायचं तर मालकाला स्वतः तोडू दे, तू विकत घेतलं नाहीस तर तोडण्याचा खर्चही त्याला नको होईल. मी म्हणालो, आणि तोवर मी काय खाऊ, तुझा मसालेभात? तू म्हणालास, तो तर रोज ये. मी ‘बघतो’ म्हणालो, दोरी गुंडाळली आणि ट्रकमध्ये जाऊन बसलो.

त्यानंतर रोज तोच प्रश्न. काय ठरलं? बघतो. काय ठरलं? बघतो की. शेवटच्या दिवशीसुद्धा बोर्डिंगकडं जाताना वखारीच्या फाटकातून ओरडून विचारलंस. मी गिऱ्हाइकात होतो. हात हलवला नुसता.

तू त्या गच्चीवर काचा बसवताना खाली बसलास तो उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. छातीत दुखतंय हे तू वहिनींनाही सांगितलं नव्हतंस, मला तर नव्हतंच. गाव म्हणतंय, मास्तरला उन्हानंच खाल्लं. ज्याच्यामागं लागला त्यानंच घेतला. तुझ्या दारात बसायला आलेल्या एकानं हे माझ्यासमोर म्हटलं, हलक्या आवाजात, मोठं शहाणपणाचं बोलल्यासारखं. मी त्याला उठवून बाहेर काढला. मयताच्या घरी असं वागू नये, मला कळतं. पण त्या उन्हावर आळ घेतलेला मला ऐकवला नाही. त्या उन्हात माझ्या आईनं अंघोळी केल्या आहेत.

आमच्यात मातीत ठेवतात, तुमच्यात जाळतात. यावरूनही तू मला छळायचास. तुम्ही लोक बरे, लाकूड वाचवता, वखार घालून स्वतः मात्र मातीत. मी म्हणायचो, तुझी सोय कर की मग उन्हावर. तू म्हणायचास, आठवडा लागेल रे, आणि तेवढ्यात आभाळ आलं तर? आपण दोघं हसायचो. त्या दिवशी घाटावर मी लांब उभा होतो. बाभूळ चांगली पेटली. धूर फार झाला नाही. एवढंच बघायला मी उभा होतो आणि तेवढं झाल्यावरही मला तिथून हलता येईना.

वहिनींनी परवा मला आत बोलावलं. माळवदावर तुझी पहिली पेटी तशीच आहे. म्हणाल्या, “अण्णा, ही उघडली की ते समोर बसल्यासारकं वाटतंय. मला हात लावायला होत न्हाय. तुमी घेऊन जावा.” मी आणली नाही. वखारीत कुठं ठेवू ती? लाकडाच्या ढिगाला टेकवून? मी म्हणालो, राहू द्या तिथंच. त्या मान हलवून खाली गेल्या आणि चुलीवर आधण ठेवलं. पाहुणे होते घरात.

बोर्डिंगच्या गच्चीवरच्या काचा उतरवून मागच्या खोलीत रचून ठेवल्यात. मंडळाचे लोक वाईट नाहीत. तुझ्यासाठी शोकसभा घेतली, चांगलं बोलले. मी विचारलं, मग गच्चीवरचं काम पुढं कोण करणार? मास्तरच नाहीत तर, म्हणाले. तुझ्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारलं का, तर म्हणे बघतो. माझाच शब्द माझ्या तोंडावर मारला त्यांनी, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

तुझं उत्तर मी दिलं, अंबादास. तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीला गेलो आणि बनाच्या मालकाला सांगितलं, मी घेणार नाही. एक वर्ष नाही, कधीच नाही. त्याला वाटलं मी भाव पाडतोय. तो उतरायला तयार झाला. मी म्हणालो, भावाचा प्रश्न नाही. मग कसला, तो म्हणाला. त्याला काय सांगणार होतो? म्हणालो, एका माणसाला शब्द दिलाय. दिला नव्हता. पण आता दिलाय असंच मी धरून चाललो. परत येताना ट्रक रिकामा होता आणि मला, खोटं कशाला सांगू, फार हलकं वाटलं. मनात म्हणालो, निदान एवढं तरी त्याचं राहिलं. ती सावली राहिली, त्या म्हशी राहिल्या. वहिनींना सांगू, आपण सगळे एकदा तिथं जाऊ.

पंधरवडा झाला नाही अजून. परवा सकाळी वखारीसमोरून ट्रक गेले, एकामागून एक, चिंचेचे ओंडके भरलेले. अजून ओले. चिंचेचा वास लपत नाही, मला तर नाहीच. स्टेशनाकडच्या त्या दुसऱ्या वखारीत उतरवले. मालकानं मी उठून गेल्यावर त्याच संध्याकाळी तिकडं बोलणी केली होती म्हणे. बन पडलं, सगळं, एकही नाही ठेवलं. आणि काल बोर्डिंगचे रेक्टर आले, जूनपासूनचं जळण सांगायला. मी म्हणालो, माझ्याकडं माल नाही. खरंच नव्हता, चिंचबनाच्या भरवशावर मी दुसरीकडं कुठं बोललोच नव्हतो. ते हळहळले, एवढ्या वर्षांचा संबंध म्हणाले, आणि स्टेशनाकडं निघून गेले. म्हणजे जूनमध्ये तुझ्या त्या गच्चीखाली तुझीच ती चिंच जळणार आहे, वरणाला, भाताला आणि भाकरीला.

मी घेतलं असतं तर काय वेगळं झालं असतं? काही नाही. घेतलं नाही तर काय वेगळं झालं? तेही काही नाही. हमाल मला विचारतायत, मालक, आता काय करायचं, माल कुटनं आणायचा. मी त्यांना म्हणतो बघतो. गादीवर बसतो. दुपारी ऊन पार आतपर्यंत येतं, तुझ्या जागेवर पडतं, आणि त्याचं काय करायचं ते या गावात आता कुणालाच माहीत नाही.

आयुष्यभर मी एकच म्हणत आलो, मी नाही घेतलं तर दुसरा घेईल. तू प्रत्येक वेळी म्हणालास, नाही, एक माणूस थांबला तर फरक पडतो. बघ, घेतलं दुसऱ्यानं. आपल्या एवढ्या वर्षांच्या भांडणात हा वाद मी जिंकलोय, आणि जिंकल्यापासून मला घास गिळवत नाही. उन्हावर डाळ-भात होत नाही म्हटलं की तू शिजवून दाखवायचास, लोक वापरणार नाहीत म्हटलं की काजळ लावून दाखवायचास. दरवेळी मला खोटं पाडलंस तू. एवढ्या एका वेळेला पण पाड की रे.